सासऱ्यानं आणलेली गाठ

माणसं इस्पितळात येतात ती डॉक्टर शोधत, नाहीतर औषधांची खिडकी शोधत. आमची, गाठी तपासायची खोली कुणी शोधत नाही. आम्ही तळमजल्याच्या पार टोकाला, शवागाराच्या शेजारी, आणि फॉर्मालिनचा वास असा की नव्या माणसाच्या डोळ्यांना धारा लागतात. त्यामुळे त्या सकाळी दार वाजलं तेव्हा मला वाटलं, आलं कुणीतरी वाट चुकून.

दारात एक उंच म्हातारा उभा. कोल्ह्याच्या कातड्याची टोपी, पांढरी दाढी, वाऱ्यानं फुटलेले गाल. एक हात कोटाच्या आत, छातीशी काहीतरी कवटाळून धरलेलं. थंडीत अवेळी जन्मलेलं कोकरू आमच्याकडे असंच कोटात घालून आणतात.

"आके, गुरांचा दवाखाना बाजाराच्या मागे आहे," मी म्हटलं. वडीलधाऱ्या पुरुषाला आम्ही आके म्हणतो. माझी जीभ कितीही तिखट असली तरी तेवढं मी सोडत नाही.

"मी काय तुला मेंढा दिसलो?" म्हातारा म्हणाला. कोटातून त्यानं एक काचेची बरणी काढली आणि माझ्या हातात दिली. बरणी त्याच्या अंगाच्या उबेनं कोमट होती. "गोठू द्यायची नाही म्हणाले होते. खिंडीत गाडी अडकली, बर्फ उपसला, पण हिला काही खाली ठेवली नाही."

बरणीत अक्रोडाएवढी गाठ. बाहेर चिकटपट्टीवर गिचमिड अक्षरात लिहिलेलं, 'कुंदुझ, २६'. बास. बाकी काही नाही.

"हे कुणी लिहिलं? कोंबडीनं?"

"राजधानीहून डॉक्टरांची गाडी आली होती गावात. त्यातल्या सर्जननं गाठ काढली. बाहेर ही रांग! म्हणाला, बाकीचं तुम्हीच तोंडी सांगा."

"मग सांगा. कुंदुझ कोण?"

"माझी सून."

"आणि गाठ कुठली?"

"काराजारची. खिंड उतरलं की पहिलंच गाव."

"अहो, गाव नाही विचारत! अंगावर कुठे होती?"

म्हाताऱ्यानं छताकडे पाहिलं, मग माझ्या किटलीकडे पाहिलं. "हाताला," तो म्हणाला.

"हात काय लहान असतो का? बोटाला, कोपराला, कुठे?"

"वर. दंडाला. डाव्या. इथे कुठेतरी." त्यानं बगलेजवळ हात असा झटकला, जशी माशी हाकलतोय. मी लिहून घेतलं, डावा दंड, बगलेजवळ. त्यात शंका घेण्यासारखं काय होतं? माणूस एवढ्या लांबून बरणी छातीशी धरून आलेला, तो खोटं कशाला बोलेल?

त्याचं नाव ओस्मोनाली. मी चहा ओतला तसं त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली आणि हळूहळू सगळं सांगितलं. मुलगा मिर्लान रशियात घरं बांधायला गेलेला. म्हातारी वारली. घरात तो, सून आणि नातू. सर्जन म्हणाला होता, गाठ साधी निघाली तर प्रश्न मिटला. वाईट निघाली तर सुनेला राजधानीला न्यायचं, पुन्हा कापायचं, महिनोन्‌महिने औषधं द्यायची, आणि तरीही हमी कुणी देणार नाही.

"नातू केवढा आहे?" मी विचारलं.

"लहान आहे." तो कपात बघत होता. "सून चांगली पोर आहे गं. दोन घोट पाणी मागितलं तर चहा करून आणते. तू बघून सांगतेस का, गाठ चांगली आहे की वाईट?"

"मी काय बरणीत बघून भविष्य सांगणारी वाटले? वेळ लागतो, आके. घरी जा, फोन करू."

"मी इथेच थांबतो. भाचा राहतो शहरात," तो म्हणाला, आणि खरंच थांबला. रोज सकाळी आमच्या बाहेरच्या बाकावर येऊन बसायचा, टोपी मांडीवर घेऊन. आत पाऊल वाजलं की मान वर करायचा. मला त्याची दया यायची, आणि दया आली की मी जास्तच खेकसते. हा माझा स्वभाव आहे, त्याला इलाज नाही.

आता आमचं काम म्हणजे घाई करणाऱ्याचं नव्हे. ओलं मांस कापून बघता येत नाही. सुरीखाली ते लगदा होतं. आधी त्यातलं पाणी काढायचं, आणि तेही सबुरीनं. पातळ स्पिरिटातून दाट स्पिरिटात, तिथून आणखी दाट. एकदम दाटात टाकलं तर बाहेरून कडक होतं आणि आत तसंच राहतं. पाणी गेलं की त्या जागी मेण भरायचं, मेणाची वडी पाडायची, आणि मग ती वडी यंत्रावर लावून काप काढायचे. काप असे पातळ की श्वास जोरात सोडला तर उडून जातील. मी काप काढत असले की खोलीत कुणी शिंकलेलं मला चालत नाही. एकदा आमचे साहेब शिंकले, तर त्यांनाही बाहेर काढलं होतं.

गाठ चिरली ती चिनारानं, आमच्या डॉक्टरनं. चिनारा राजधानीत वाढलेली, शरदात आमच्या डोंगरात आली. पोरगी तिशीचीही नाही, पण नजर पक्की. मला झूरा एजे म्हणते, म्हणजे ताईच म्हणते, आणि ताईचं ऐकत नाही. एकच खोड, जे मनात येईल ते तोंडावर. राजधानीत तसंच असतं म्हणे. आमच्याकडे पंचायत होते.

तिनं गाठीच्या चकत्या केल्या, उजेडाकडे धरून पाहिल्या. "मऊ आहे. कडा सुबक आहेत," ती म्हणाली. "बगलेजवळची म्हणजे बहुतेक लसिकेची गाठ, अंगात जंतू अडवायला असतात त्यातली. बघू."

पुढचं काम माझं. वडीतून काप काढले. फितीसारखे एकाला एक लागून आले ते कोमट पाण्यावर सोडले. सुरकुत्या गेल्या तसे काचेवर उचलले, जांभळ्या आणि गुलाबी रंगात बुडवले. काप छान आले होते. उगाच नम्रपणा कशाला दाखवू, फार छान आले होते. काचांचं तबक मी चिनारापुढे ठेवला आणि म्हटलं, "घे, नवरीसारख्या नटवल्यात."

ती हसत हसत मायक्रोस्कोपला डोळे लावून बसली. मग हसू गेलं. मी भांडी धुवायला घेतली, ती तशीच ठेवली.

"एजे, जागा कुठली लिहिली आहे?"

"डावा दंड, बगलेजवळ."

"नक्की?"

"म्हाताऱ्यानं स्वतः हात लावून दाखवलं."

तिनं डोळे चोळले. "इथे रस पाझरणाऱ्या ग्रंथी आहेत. भरपूर. दंडात ग्रंथी कुठून येणार? अशा जागी ग्रंथी दिसल्या म्हणजे बहुधा दुसरीकडचा कॅन्सर पसरत तिथवर आलेला असतो."

दाराच्या काचेतून बाकावरची ती टोपी दिसत होती.

"पण एक मेख आहे," चिनारा म्हणाली. तिनं मला मायक्रोस्कोपच्या दुसऱ्या भिंगातून बघायला लावलं. मी डॉक्टर नाही, पण इतकी वर्षं काचा रंगवतेय, नजर थोडी तयार झालीच आहे. पेशी फुगलेल्या होत्या, आत फेसासारखे थेंब, मोठ्या कामात असल्यासारख्या. "बघितलंस? फुगल्यात, पण शिस्तीत आहेत. कुणी कुणाच्या अंगावर चढलेलं नाही. कॅन्सरला शिस्त नसते, एजे. हे मला बाळाला पाजणाऱ्या बाईच्या स्तनासारखं दिसतंय. तसं असेल तर ही साधी दुधाची गाठ, भ्यायचं काही कारण नाही. पण स्तनातली नाहीच ना ही! दंडातली आहे!"

"मग?"

"मग काय. जागा बदलली की निकाल बदलतो. स्तनातली असेल तर पोरगी वाचली. बगलेतली असेल तर मला वाईटच धरून चालावं लागेल. जा, म्हाताऱ्याला पुन्हा विचार."

त्या क्षणी माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अगं बाई! सासरा! सुनेचा सासरा! आमच्याकडे सून सासऱ्याचं नाव उच्चारत नाही, त्याच्याकडे पाठ करून बसत नाही, त्याच्यासमोर डोक्यावरचा रुमाल सरकू देत नाही. आणि सासराही घरात शिरताना आधी खोकतो, म्हणजे ती लेकराला पाजत असेल तर आवरून घेईल. तो माणूस परक्या बाईसमोर तोंडानं म्हणणार, की माझ्या सुनेच्या छातीची गाठ आहे? मेला तरी म्हणणार नाही. म्हणून बरणी काळजाशी धरून आणली आणि गाठ दंडाला चिकटवली.

मी तरातरा बाहेर गेले. आता विचारतेच, म्हटलं. त्याच्या बाकावर टेकले, आणि काय सांगू, माझीच दातखीळ बसली. मी झूरा! पुऱ्या इस्पितळात माझ्या तोंडाला लागायची कुणाची टाप नाही. पण पांढऱ्या दाढीच्या परक्या माणसाला तो शब्द विचारायचा, तर माझ्या कानापर्यंत रक्त चढलं. मीही याच डोंगरात सून म्हणून नांदलेय.

"आके," मी म्हटलं, "ती गाठ... दंडाच्या जरा पुढे नव्हती ना?"

"पुढे म्हणजे?"

"म्हणजे... समोर. अशी. थोडी मध्याकडे."

तो सावध झाला. "दंड म्हणजे दंड. कितीदा सांगू?"

"डॉक्टरीण विचारतेय म्हणून..."

"डॉक्टरणीला सांग, म्हातारा झालोय, वेडा नाही झालो."

मी आत आले. चिनारानं माझ्या तोंडाकडे पाहूनच ओळखलं. "विचारलंस की नाही?"

"विचारलं. म्हणजे, वळणावळणानं विचारलं."

"वळणं कसली घेतेस? रस्ता बांधतेयस का?" ती उठली आणि थेट बाहेर गेली. मी मागून धावले, पण उशीर झाला. बाहेर हातपाय मोडलेले दोघे पलस्तरवाले बसलेले, एक बाई मूल घेऊन उभी, आणि भरीस भर म्हणून काराजारचाच तो गाडीवाला, ज्यानं म्हाताऱ्याला खिंडीतून आणलं होतं, सूर्यफुलाच्या बिया सोलत बसलेला.

"अक्साकाल," म्हाताऱ्याला असं मानानं संबोधून चिनारा सगळ्यांदेखत खणखणीत आवाजात म्हणाली, "ती गाठ तुमच्या सुनेच्या स्तनातली आहे का?"

बिया सोलण्याचा आवाज थांबला. पलस्तरवाल्यांतला एक भिंतीकडे वळला. ओस्मोनाली उभा राहिला, आणि त्याचा चेहरा आधी लाल, मग राखेसारखा झाला.

"नाही!" तो म्हणाला. "दंडातली आहे! सांगितलं ना!"

झालं. एकीनं लाजेनं घालवलं, दुसरीनं बेधडकपणानं. आता त्यानं गावच्या माणसासमोर 'नाही' म्हटलं, म्हणजे दगडावरची रेघ.

आत येऊन मी चिनारावर तोंड सोडलं. "अगं, अक्कल गहाण टाकलीस का? गाडीवाल्यासमोर? हो म्हणाला असता तर संध्याकाळपर्यंत सगळ्या काराजारला कळलं असतं, म्हाताऱ्याच्या सुनेच्या कुठे काय कापलं!"

"लोकांना कळलं तर पोरगी मरत नाही, एजे. निदान चुकलं तर मरते."

खरंच होतं.

"सर्जनला लाव फोन," मी म्हटलं.

"कधीची लावतेय. त्यांची गाडी पुढच्या डोंगरात गेली, तिथे फोन लागत नाही. आठवडाभर तरी परत येणार नाहीत."

"मग सरळ छातीचीच धर. मला खात्री आहे. कुणाचीही शपथ घेते."

"मलाही वाटतंय. पण वाटण्यावर मी सही करायची?" तिनं निकालाचा कागद माझ्यापुढे सरकवला. "समजा ती खरंच बगलेतली असली, आणि मी साधी म्हणून लिहिलं, तर ती पोरगी घरी बसेल आणि वर्षभरात संपेल. माणसानं शेवटी 'दंड' म्हटलंय. मी 'स्तन' कशी लिहू?"

मला तिचा राग आला होता तो निवला. एवढीशी पोर, आणि केवढं ओझं.

तिनं म्हाताऱ्याला आत बोलावलं. दार लावलं, खुर्ची दिली, आणि या वेळी हळू बोलली. "अक्साकाल, तुम्ही घरातले मोठे, म्हणून तुम्हाला सांगते. दंडात जे नसावं ते मला त्या गाठीत दिसतंय. ते दुसरीकडून तिथे आलेलं असणार. म्हणजे आजार अंगात पसरलाय असं धरावं लागेल. सुनेला लगेच राजधानीला न्या. तिथे आणखी कापतील. मी चिठ्ठी देते."

त्यानं टोपी हातात फिरवली, फिरवली. "जगेल?"

"मी खोटं सांगणार नाही. माहीत नाही."

"तिच्याशी बोलता का?" मी मध्येच म्हटलं. "तिला फोन लावा, आम्ही तिलाच विचारतो, गाठ नेमकी—"

"तिला काही विचारायचं नाही!" तो म्हणाला. "ती तिथे एकटी आहे. तुम्ही विचारायला लागलात की ती समजेल, वाईट आहे म्हणून. नक्की होईपर्यंत तिच्या कानावर काही जाऊ द्यायचं नाही." आणि तो उठून बाहेर गेला. बाकावरही थांबला नाही, थेट अंगणात.

मी खिडकीतून बघत होते. अंगणात गुडघाभर बर्फ. म्हातारा त्यात उभा, टोपीसुद्धा घातलेली नाही. खिशातून फोन काढला, परत ठेवला. गाडीवाला त्याच्याशी बोलायला गेला तर त्यानं त्याला हातानं लांब केलं. मग तो तिथेच फेऱ्या मारायला लागला, मेंढरांच्या वाड्याभोवती रात्री माणूस फिरतो तशा. मला रडू येत होतं आणि त्याला गदागदा हलवावंसंही वाटत होतं. अरे म्हाताऱ्या, एक शब्द! एक शब्द टाक आणि पोरीला सोडव!

"बोलेल का गं?" चिनारा माझ्या मागे येऊन उभी होती.

"माझा बाप असता तर बोलला नसता," मी म्हटलं.

बऱ्याच वेळानं दार उघडलं. ओस्मोनाली आत आला. दाढीवर बर्फ, बूट ओले. त्यानं मागे वळून कडी लावली. कुणाकडे न बघता खिडकीपर्यंत गेला आणि आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. अगदी काचेला नाक लावून.

"झूरा," तो म्हणाला, "त्या पोरीला सांग, मी जे बोलतो ते तुझ्याशी बोलतोय. ती इथे नाही."

चिनारा तोंड उघडणार तेवढ्यात मी तिच्या दंडाला चिमटा काढला. "ती इथे नाहीच, आके," मी म्हटलं. "बोला."

"जर," तो म्हणाला, "जर समजा, ती गाठ दंडातली नसली. तर जगेल?"

"कुठली आहे त्यावर आहे, आके."

काचेवर त्याच्या श्वासानं वाफ धरली. त्याची मान लाल झाली होती, म्हाताऱ्या माणसाची मान एवढी लाल होऊ शकते हे मला माहीत नव्हतं. खोलीत मेणाच्या भांड्याखालचा तेवढा शेगडीचा आवाज.

"नातू जिथे पितो," तो म्हणाला, "तिथली आहे. डाव्या बाजूची."

आणि मग, एकदा बांध फुटल्यावर राहतंय थोडंच? खिडकीशीच तो बोलत सुटला. "सर्जननं मला बाजूला घेऊन तोंडावर सांगितलं. मला वाटलं जमीन फाटेल. म्हणाला, निकाल येईपर्यंत पाजायचं थांबवा. शेजारीण म्हणाली, आता ते दूध म्हणजे विष, दुसऱ्या बाजूचंही. पोरगं गाईचं दूध ओकून टाकतंय. आणि ती... ती पलीकडच्या खोलीत दूध पिळून टाकते आणि रडते. तिला वाटतं मला ऐकू येत नाही. मी काय करू? मी आत जाऊन काय म्हणू तिला? मी सासरा आहे!"

"अहो आके!" मी ओरडले, आणि हसायला लागले, आणि डोळ्यांतून पाणीही यायला लागलं, सगळं एकदमच. "हे पहिल्या दिवशी सांगायला काय झालं होतं? दंड म्हणे, दंड! त्या दंडापायी पोरीला मारायला निघाला होतात तुम्ही!"

तो गर्रकन वळला. "मारायला? म्हणजे? चांगली आहे?"

"गप्प बसा दोघंही," चिनारा म्हणाली. ती केव्हाच मायक्रोस्कोपवर वाकली होती. "एजे, वडीत अजून शिल्लक आहे ना? आणखी आतले काप दे. सगळीकडून बघितल्याशिवाय मी बोलणार नाही."

मी वडी पुन्हा यंत्रावर चढवली. थरथरत्या हातानं काप फाटतात, म्हणून मी दोन मिनिटं हात मांडीखाली घालून बसले. म्हातारा म्हणाला, "मी बाहेर जाऊ?" मी म्हटलं, "बसा इथेच, फक्त शिंकू नका." तो खरंच नाक धरून बसला. काप उतरले, पाण्यावर पसरले, काचेवर आले, रंगले. तो एकेक गोष्ट डोळे फाडून बघत होता. जांभळा रंग चढला तेव्हा हळूच म्हणाला, "तीच का ही?" मी म्हटलं, "तीच." त्यानं नजर खाली घातली. मग जरा वेळानं पुन्हा वर करून पाहिलं.

चिनारानं एकेक काच पाहिली. कडेनं पाहिली, मध्ये पाहिली, परत पहिली काच घेतली. मग खुर्ची मागे ढकलली.

"अक्साकाल, मी इथे आहे आता," ती म्हणाली. "माझ्याकडे बघा. बाळंतपणानंतर, अंगावर दूध असताना अशा गाठी होतात. दुधाच्या ग्रंथींचीच गाठ आहे ही. कॅन्सर नाही. पूर्ण निघालीय. राजधानीला न्यायचं नाही, पुन्हा कापायचं नाही. आणि दूध विष नाही. जखम भरली असेल तर तिनं पाजावं, त्याही बाजूनं. पाजलेलं चांगलंच."

म्हातारा बसल्या जागी आणखी खाली बसला. दोन्ही तळवे चेहऱ्यासमोर धरून दुआ पुटपुटला आणि ते चेहऱ्यावरून खाली फिरवले. आम्हीही फिरवले.

मग मात्र मी संधी सोडली नाही. "स्युयुन्चू!" मी हात पुढे केला. गोड बातमी आणणाऱ्यानं असं म्हटलं की आमच्याकडे ऐकणाऱ्याला काहीतरी द्यावंच लागतं, त्यातून बादशहाही सुटत नाही.

"माग!" तो उभा राहिला. "मेंढी घे. दोन घे. हिवाळ्याच्या मांसासाठी घोडं कापलंय यंदा, अर्धं घे!"

"तुमचं घोडं तुम्हीच खा. सुनेला कसं कळवणार ते आधी सांगा."

"गाडीवाल्याला सांगतो. तो बायकोला फोन करेल. ती शेजारणीला सांगेल, शेजारीण आमच्याकडे जाऊन कुंदुझला..."

"तोवर नातू शाळेत जाईल, आके! माझं बक्षीस मला आत्ता पाहिजे. तुम्ही फोन लावा. तुम्ही बोला. तिच्याशी. इथे, माझ्यासमोर."

"काय बोलू? असलं? मी?"

"मगाशी खिडकीला सांगितलंत की. तिला सांगायला काय जड आहे?"

त्यानं चिनाराकडे पाहिलं. तिनं दाराची कडी काढली, कारण खोलीत फोन लागत नाही, बाहेर लागतो. बाहेर सगळी मंडळी तशीच बसली होती, पलस्तरवाले, मूल घेतलेली बाई, गाडीवाला. म्हातारा त्यांच्यामध्ये जाऊन उभा राहिला. टोपी डोक्यावर घातली, नीट सारखी केली, आणि नंबर लावला.

"कोण, कुंदुझ?" डोंगरापलीकडच्या माणसाला हाक मारावी तसा तो फोनवर बोलत होता. "मी आहे! अगं, ऐक! रडू नकोस, आधी ऐक! काही नाही! डॉक्टरणीनं चार चारदा बघितलं, काही नाही, साधी दुधाची गाठ होती! ऐकलंस का पोरी? लेकराला घे! पाज त्याला!" तो थांबला, सगळ्यांकडे एकदा पाहिलं, आणि भिंती हादरतील अशा आवाजात म्हणाला, "दोन्हीकडून पाज!"

गाडीवाल्याच्या मुठीतल्या बिया जमिनीवर सांडल्या. कुणी हसलं नाही.

पलीकडे कुंदुझ रडली. सासऱ्यासमोर जिनं कधी आवाज चढवला नव्हता, ती मोठमोठ्यानं, गळा काढून रडली, आणि तिच्या मागे कुठेतरी पोरगंही रडायला लागलं. ओस्मोनालीनं फोन कानापासून काढला, आमच्या सगळ्यांपुढे धरला आणि म्हणाला, "ऐका, ऐका."